पोंचो की रेन जॅकेट: सह्याद्रीच्या पावसासाठी निवड, चाचणी आणि वापर

जुलैमधल्या कोणत्याही रविवारी लोहगडाच्या किंवा राजमाचीच्या वाटेवर दोन दृश्ये हमखास दिसतात. गळ्यापर्यंत चेन ओढलेले नवे जॅकेट घालून चढणारा माणूस अर्ध्या तासात आतून चिंब होतो आणि दुकानदाराने गळका माल गळ्यात मारला असे समजून चिडतो. माथ्यावर पोचलेल्या दुसऱ्याचा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचे बिनबाह्यांचे सैल आच्छादन, वाऱ्याने डोक्यावर उलटा होतो आणि दोन्ही हातांनी तो खाली ओढण्यातच त्याचा वेळ जातो. दोघांच्याही वस्तूंत बहुधा काहीच खोट नसते. चूक झालेली असते ती निवडीत, आणि त्याहून जास्त वेळा वापराच्या क्रमात. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. चौथा टप्पा, म्हणजे दुकान, आधी गाठण्याचा मोह टाळावा.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात अंग चार बाजूंनी भिजते: वरून पडणाऱ्या पावसाने, वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या सरींनी, आतून येणाऱ्या घामाने आणि खालून, म्हणजे ओले गवत, चिखल व ओढे यांमुळे. पोंचो पहिली बाजू उत्तम सांभाळतो, तिसरीत मदत करतो आणि दुसरीपुढे हात टेकतो. जॅकेट पहिल्या दोन्ही बाजू सांभाळते, पण घामापुढे हरते. चौथ्या बाजूला दोघांकडेही उत्तर नाही. तुम्हाला यांपैकी कोणत्या बाजूने जास्त भिजायचे आहे, हे ठरले की निवड जवळजवळ झालीच.

## टप्पा १: पावसात शरीर कोणत्या स्थितीत असणार, ते ठरवा

भातलावणीला वापरले जाणारे इरले पुढून उघडे का असते, याचा विचार केला तर हा टप्पा लगेच समजतो. लावणी करणारा माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो. पाऊस त्याच्या पाठीवर पडतो, छातीवर नाही, आणि हात मोकळे असणे त्याला अत्यावश्यक असते. म्हणून डोके आणि पाठ झाकणारे, पुढून मोकळे असे आच्छादन त्याला पुरते. तेच इरले घालून ताठ उभे राहून बाजारात जायचे म्हटले, तर ते निरुपयोगी ठरेल. पोंचो आणि जॅकेट यांनाही हाच न्याय लागू आहे.

दुचाकी चालवायची असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा रेनसूटच घ्यावा. स्कूटरवर पोंचो घालून जाणारे अनेक जण दिसतात, पण ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात ज्या कारणाने होतात, नेमके तेच कारण पोंचोच्या लोंबत्या कडांतही असते. शिवाय मागची कड टेललाइट आणि इंडिकेटर झाकते, तर पुढची कड वाऱ्याने फुगून ऐन वळणावर तोंडावर येऊ शकते.

> इशारा: चालक जॅकेटमध्ये आणि मागे बसलेली व्यक्ती पोंचोमध्ये, ही तडजोडही करू नये. मागच्या चाकाच्या सर्वांत जवळ तीच व्यक्ती असते.

सपाट किंवा मध्यम चढाच्या वाटेवर पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालायचे असेल तर पोंचो सरस ठरतो. आषाढीच्या वारीत पालखीबरोबर चालणारे हजारो वारकरी प्लास्टिकचा साधा कागद गळ्याशी बांधून मैलोन् मैल चालतात, ते केवळ स्वस्त पडते म्हणून नव्हे. अंगावरचे कपडे, पाठीवरची पिशवी आणि त्यातली शिधासामग्री एकाच आच्छादनाखाली येते, हवा खेळती राहते, पाऊस थांबला की कागद दोन घड्या करून काखेत मारता येतो आणि पुन्हा सर आली की न थांबता पांघरता येतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीला जॅकेटचे हुड काय कामाचे?

शिड्या, कातळटप्पे किंवा अरुंद पायऱ्या असतील तर पोंचो सॅकमध्ये ठेवावा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर पुढचे पाऊल कुठे पडते, हे दिसणे जिवाचे काम आहे. समोर लोंबणारे कापड नेमकी तीच जागा झाकते. कळसूबाईच्या एका शिडीवर मी स्वतःच्याच पोंचोच्या कडेवर पाय दिला आणि वरची पायरी पकडण्यासाठी उठलो, तेव्हा मान खाली खेचली गेली. हात सुटला नाही एवढेच. त्यानंतर शिडीच्या पायथ्याशी पोंचो काढण्याचा नियम मी कधी मोडलेला नाही.

शहरात स्टेशनपासून कचेरीपर्यंत चालायचे असेल तर दोन्ही चालतात, पण गर्दीच्या लोकलमध्ये ओला पोंचो अंगावर ठेवणे म्हणजे शेजारच्या चौघांना भिजवणे. फलाटाच्या छताखाली येताच तो काढावा, ओली बाजू आत घेऊन गुंडाळावा आणि जाड पिशवीत घालावा. हे रोज दोनदा करण्याचा कंटाळा येणार असेल, तर जॅकेट आणि छोटी छत्री ही जोडी बरी.

## टप्पा २: वाऱ्याचा हिशेब करा

बहुतेक जण पाऊस किती पडतो एवढेच पाहतात. हवामान खात्याच्या वर्गीकरणात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस धरला जातो. हे आकडे घराबाहेर पडावे की नाही हे ठरवायला उपयोगी आहेत, पोंचो की जॅकेट हे ठरवायला नाहीत. त्यासाठी वारा पाहावा लागतो. पुण्याच्या पेठांतली रिपरिप आणि घाटमाथ्यावरची झड यांत मोठा फरक पाण्याच्या दिशेचा आहे. नाणेघाटात ऐन पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी कोकणातून चढणारा वारा पुन्हा वर उडवतो. ज्या जागी धबधबा उलटा वाहतो, तिथे खालून मोकळा असलेला पोंचो कोरडा ठेवील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

ढोबळ नियम असा: झाडीतली वाट, दरी, गावाचा रस्ता, वाऱ्याच्या आडोशाची बाजू येथे पोंचो, उघडी सोंड, खिंड, घाटमाथ्याची कड, समुद्रकिनारा येथे जॅकेट. एकाच दिवसात दोन्ही प्रकारच्या जागा येणार असतील, आणि सह्याद्रीत त्या बहुधा येतातच, तर मी पातळ विंडचीटर, म्हणजे वारा अडवणारे जॅकेट, आणि वर पोंचो अशी जोडी नेतो. झाडीत नुसता पोंचो, माथ्यावर पोंचोच्या आत विंडचीटर आणि कमरेवरून बाहेरच्या बाजूने बांधलेली एक साधी नाडी. नाडी बांधल्याने पोंचो फुगत नाही. सगळा पाऊस अडतो असे नाही, पण वाऱ्याने भरणारी हुडहुडी थांबते.

> तपासणी: जायच्या वाटेवर उघड्या कड्याचा किंवा सोंडेचा भाग किती वेळाचा आहे, हे आधी गेलेल्या कुणाला विचारा. एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून तो जास्त असेल, तर एकट्या पोंचोवर विसंबू नका.

## टप्पा ३: घामाचा हिशेब करा, आणि लेबलवरच्या आकड्यांना त्यांच्या जागी ठेवा

जॅकेटच्या लेबलवर दोन आकडे असतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा असतो. ‘१०,००० मिमी’ याचा अर्थ त्या कापडावर दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब येईपर्यंत पाणी आत झिरपत नाही. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती बाष्प बाहेर पडते, ते तो सांगतो. या दुसऱ्या आकड्यावर लोक भरमसाट पैसे मोजतात आणि फसतात.

फसण्याचे कारण कापडात नसून हवेत आहे. आतले बाष्प बाहेर जाण्यासाठी आतली हवा गरम व दमट आणि बाहेरची हवा थंड व कोरडी असावी लागते. हिमालयातल्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो, त्यामुळे तेथे असे कापड पैसे वसूल करते. जुलैच्या सह्याद्रीत बाहेरच्या हवेतली आर्द्रता अनेकदा नव्वद टक्क्यांच्या वर असते आणि तापमान काही फार उतरलेले नसते. बाष्पाला बाहेर जायला कारणच उरत नाही. त्यातून सततच्या पावसाने बाहेरचा थर पाणी पिऊन जड झाला, की उरलासुरला मार्गही बंद होतो.

म्हणून आपल्याकडे कापडाच्या श्वासापेक्षा प्रत्यक्ष भोकांना महत्त्व द्यावे: काखेतली चेन, पाठीवरच्या पट्टीखालची जाळी, वरखाली दोन्हीकडून उघडणारी पुढची चेन. काखेत चेन असलेले साधे जॅकेट हे काखबंद महागड्या जॅकेटपेक्षा चढावर अधिक सुसह्य असते, हे माझे ठाम मत आहे. पोंचोत हा प्रश्न मुळातच कमी, कारण त्याची प्रत्येक कड म्हणजे खिडकी असते.

पहिल्या आकड्याबाबत आणखी एक बारकावा आहे. जॅकेटवर सॅकचे पट्टे दाबून बसतात, म्हणून खांद्यावर पाण्याचा दाब वाढतो, कापडावरचा पाणी अडवणारा लेप घासला जातो आणि जॅकेट सर्वांत आधी तिथेच झिरपू लागते. पोंचो सॅकच्या वरून घातला जातो, त्यामुळे त्याच्यावर हा दाब येत नाही आणि कमी आकड्याचा पोंचोही चांगले काम देतो.

## टप्पा ४: दुकानात हाताने तपासा

आपल्याकडे चेनच्या कोणत्याही पातळ जॅकेटला ‘विंडचीटर’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि पहिली फसगत या शब्दापासून होते. विंडचीटर वारा अडवतो. पाणी अडवण्याचा लेप त्याला असेलच असे नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे थोडा वेळ थोडे पाणी सहन करणारे आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी अडवणारे, हा भेद विक्रेता सहसा स्वतःहून सांगत नाही.

1. कापड तोंडाला घट्ट लावून जोराने फुंका. हवा आरपार गेली तर पाणीही जाईल.
2. जॅकेट उलटे करून शिवणी पाहा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक किंवा राखाडी पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. पट्टी नसलेली शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. पीव्हीसी या प्लास्टिकच्या पोंचोत शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेले सांधे असतात. ते दोन्ही बाजूंनी हलके ताणून पाहावेत.
3. हुड घालून मान डावीउजवीकडे वळवा. मानेबरोबर हुड वळले पाहिजे. ते जागीच राहून डोळा झाकत असेल, तर रस्ता ओलांडताना वाहन दिसणार नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी हुडाला पुढे कडक झाप असल्याची खात्री करावी. नसेल तर आत झापाची टोपी घालावी.
4. जॅकेट घालून दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली किंवा बाह्या कोपरापर्यंत सरकल्या, तर एक माप मोठे घ्या. मनगटाला वेल्क्रो हवेच.
5. पोंचो भरलेल्या सॅकवरून घालून पाहा. दुकानात रिकाम्या पाठीवर घोट्यापर्यंत येणारा पोंचो सॅकवरून घातला की मागे मांडीपर्यंत चढतो. म्हणून पुढची कड गुडघ्याच्या किंचित खाली आणि मागची कड त्याहून वीतभर लांब असलेला पोंचो निवडावा. बाजूंना टिचबटणे असावीत.
6. रंग भडक घ्या. केशरी, पिवळा किंवा लाल. धुक्यात राखाडी जॅकेटवाला दहा पावलांवर नाहीसा होतो आणि घाटरस्त्यावर तेच काळ्या रेनसूटचे होते.

दुचाकीच्या पँटसाठी वेगळी सूचना: बैठकीची शिवण बारकाईने पाहावी. सीटवर साचलेले पाणी तिथेच दाबले जाते आणि पँट तिथूनच दगा देते. पायाच्या तळाशी चेन किंवा रुंद वेल्क्रो असेल, तरच बूट न काढता पँट चढवता येते. रस्त्याकडेला एका पायावर नाचत पँट घालणाऱ्यांना विचारावे.

## टप्पा ५: घरी, नळाखाली चाचणी घ्या

ही चाचणी जवळजवळ कुणी करत नाही, म्हणून गळती पहिल्यांदा कळते ती गडावर. मृग लागण्याआधी, मे महिन्यातच ती उरकावी. मग गरज पडल्यास वस्तू बदलून घ्यायला वेळ मिळतो.

आत फिक्या राखाडी रंगाचा सुती टीशर्ट घालावा, कारण त्यावर ओलाव्याचा छोटा डागही गडद उठून दिसतो. दोन्ही खांद्यांवर, छातीवर चेनच्या मागे आणि खिशांत वर्तमानपत्राचे तुकडे ठेवावेत. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहावे. त्यांपैकी निदान दोन मिनिटे हात दुचाकीचे हँडल धरल्यासारखे पुढे ठेवावेत आणि दोन मिनिटे वर. जुन्या जॅकेटवर तपासणी करताना सॅक पाठीवर घेऊनच उभे राहावे.

> तपासणी: कागद कोरडा आणि टीशर्ट दमट असेल, तर तो घाम आहे. कागदच ओला असेल, तर ती गळती आहे. हा फरक इथे समजून घेतला, की पुढे गडावर जॅकेटला विनाकारण शिव्या द्याव्या लागत नाहीत.

शिवणीजवळ बारीक गळती आढळल्यास शिवणीला लावायचा चिकटलेप बाजारात मिळतो. पूर्ण कोरड्या कापडावर आतून लावून एक दिवस सुकू द्यावा. कापडच झिरपत असेल, तर त्यावर उपाय करत बसू नये.

## टप्पा ६: घालण्याचा क्रम पाळा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी सामान. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी लावून सामान तिच्यात भरावे. बाहेरचे रेन कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. पाठ आणि सॅक यांच्यामधून उतरणारे पाणी आत शिरतेच. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बांधून सर्वांत तळाशी ठेवावा आणि परत गाडीत बसेपर्यंत त्याला हात लावू नये.

मग अंगातले कपडे. जीन्स नको, जाड सुती बनियनही नको. सुती कापड भिजले की पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि थांबल्यावर थंडी वाजवते. पातळ, लवकर वाळणारा टीशर्ट आणि तशीच पँट पुरे.

चढ सुरू होताना जॅकेट काढा. हे वाक्य वाचून अनेकांच्या भुवया वर जातील. पण पावसात, वारा नसताना, दमछाक करणाऱ्या चढावर माणूस तसाही भिजणारच असतो: जॅकेटमध्ये घामाने, जॅकेटशिवाय पावसाने. पावसाने भिजलेला माणूस निदान तापत तरी नाही. जॅकेटची खरी गरज थांबल्यावर आणि माथ्यावर पोचल्यावर लागते. शरीराची ऊब कमी होऊ लागते, वारा झोंबतो, आणि तेव्हा कोरडे असलेले जॅकेट सॅकमधून निघणे याहून मोठे सुख पावसाळी ट्रेकमध्ये नाही. लहान मुले, वयस्क आणि आधीच थंडी वाजत असलेली व्यक्ती यांना मात्र हा नियम लावू नये. त्यांचे जॅकेट अंगावरच राहू द्यावे, फक्त काखेतल्या चेन उघडाव्यात.

थांबायच्या आधी जॅकेट घाला, थांबून थंडी वाजल्यावर नव्हे. दोन मिनिटांचाच फरक असतो, पण एकदा हुडहुडी भरली की ती सहज जात नाही.

पोंचोचा क्रम वेगळा आहे. सॅक पाठीवर चढवून कमरेचा पट्टा आवळावा, मग पोंचो डोक्यातून घालावा आणि मागची कड सॅकच्या तळापर्यंत खाली आली आहे का, हे जोडीदाराकडून पाहून घ्यावे. एकट्याने घालताना ती सॅकच्या वरच जमा होते आणि आपल्याला कळतही नाही. बाजूची टिचबटणे लावावीत, पण सर्वांत खालचे एक मोकळे ठेवावे, म्हणजे टांग टाकता येते.

> इशारा: ओढा ओलांडण्यापूर्वी पोंचो काढावा. पाण्यात पडलेली त्याची कड प्रवाह धरते आणि माणसाला ओढते. गुडघ्यावर पाणी असेल, तर ओढा ओलांडूच नये.

> इशारा: चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ नायलॉनचा वा प्लास्टिकचा पोंचो घालून बसू नये. तो क्षणात वितळून अंगाला चिकटतो.

## टप्पा ७: त्याच दिवशी वाळवा, मगच घडी घाला

घरी आल्यावर ओला गोळा सॅकमध्येच राहतो आणि पुढच्या शनिवारी कुबट वासासह बाहेर येतो. आतला लेप ओलावा आणि उष्णता यांनी हळूहळू उतरतो, चिकट होतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. असे जॅकेट दुरुस्त होत नाही.

चिखल साध्या पाण्याने धुवावा. साबण लागलाच तर सौम्य वापरावा. कपडे मऊ करणारे द्रव्य कधीही वापरू नये, कारण त्याचा थर बसून कापड पाणी पिऊ लागते. पिळू नये, ब्रशने घासू नये. रुंद हँगरवर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, आधी आतली बाजू बाहेर करून आणि मग सुलट असे दोन्हीकडून वाळवावे. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये दोन दिवसही लागतात. तोवर घडी घालू नये.

बाहेरच्या कापडावर थेंब मोत्यांसारखे घरंगळायचे थांबले आणि कापड काळपट ओले दिसू लागले, तर पाणी झटकणारा बाहेरचा थर झिजला आहे असे समजावे. लेबलवर परवानगी असेल, तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवल्याने तो काही अंशी परत येतो. अन्यथा फवाऱ्याने लावायचे द्रव्य मिळते. पीव्हीसीच्या पोंचोला इस्त्री लावायची नाही. तो पूर्ण वाळल्यावर आतून थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि घट्ट घडी न घालता सैल गुंडाळून ठेवावा. घट्ट घडीच्या रेषेवरच तो पुढच्या वर्षी तडकतो.

दसऱ्याच्या सुमारास हे सगळे माळ्यावर टाकण्यापूर्वी खिसे उलटे करून पाहावेत. मागच्या वर्षी माझ्या खिशात निघालेल्या अर्ध्या चिक्कीने मुंग्यांची अख्खी रांग आत नेली होती, आणि त्यांनी खिशाचे अस्तर कुरतडले होते.